मदत हवी आहे: मुलाला टाकसाळीत नाण्यांचे ठसे कोरायचे आहेत

नमस्कार मंडळी,

मी हिंगणघाट तालुक्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. मुलगा यंदा बारावी सायन्सला आहे. तान्ह्या पोळ्याचे नंदी करणाऱ्या सुतारदादांच्या ओट्यावर लहानपणापासून बसायचा, सातवीत स्वतःचा सागवानी नंदी स्वतःच कोरला. चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमीजिएट परीक्षा झाल्या आहेत.

आता नाण्यांचा ध्यास लागलाय. किराणा दुकानातली चिल्लर पालथी घालून सालाखालची खूण बघतो. पत्त्यातल्या चौकटसारखी असली की मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नसलं तर कोलकाता. वीस रुपयांच्या बारा कोनांच्या नाण्यावर धान्याची नक्षी आहे, ती दाखवून म्हणाला, "आई, हे कोणीतरी कोरलं असंल ना?" मला सांगता आलं नाही.

गावातल्या सोनारमामांनी त्याच्या हातात दागिन्याचा जुना ठसा दिला. पान आत खोल गेलेलं, पण मेणावर दाबलं की शिरांसकट वर उठून आलं. मामा म्हणाले, "बाबू, उलटं कोराले शिक, सुलटं आपोआप उमटते." तेव्हापासून प्लास्टरच्या वड्या पाडतो आणि खिळा घासून केलेल्या कोरणीने कोरतो. पहिल्या वडीत 20 चा आकडा सुलटाच कोरला. कणकेवर दाबला तर उलटा आला. जेवला नाही, रात्री नवी वडी घेऊन बसला.

शहरातल्या एकाने "टाकसाळीत चिकटवून देतो" म्हणून 40,000 रुपये मागितले. सोयाबीनचे पैसे घरात होते, यांचं मनही झालं होतं. मीच अडवलं. पण खरी वाट कोणती? शिक्षण कोणतं घ्यायचं? इंजिनीअरिंगचा विचार सोडू द्यावा का? मामा पितळेची चकती देणार आहेत, त्यावर वीसचं नाणंच कोरायचं म्हणतो.

प्रतिसाद

ताई, आधी पितळेचं. चलनातल्या नाण्याचा धातूचा ठसा करू देऊ नका. नकली नाण्याचं साधन बनवणं हा गंभीर गुन्हा आहे, पोरगं हौसेपायी अडकायचं. स्वतःचं चित्र कोरू दे.

पैसे मागणाऱ्याला दारात उभं करू नका. चारही टाकसाळी केंद्र सरकारच्या प्रतिभूती मुद्रण तथा मुद्रा निर्माण महामंडळाकडे आहेत. भरतीची जाहिरात महामंडळाच्या किंवा त्या टाकसाळीच्या संकेतस्थळावर येते, मधे कोणी लागत नाही. खोदकाम करणाऱ्यांच्या जागा मोजक्या निघतात, कधी निघतात याचा भरवसा नाही. म्हणून हाताला दुसरं कामही हवं.

मी शिल्पकला शिकलो, पदकांचे ठसे केले. नाणं रेखाटणारा आणि ठसा कोरणारा ही दोन वेगळी माणसं असू शकतात. 2019 च्या नाण्यांच्या मालिकेचं रेखाटन अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत झालं. तिथे जायचं तर तिची वेगळी प्रवेश परीक्षा असते. कोरण्याकडे ओढ असेल तर शिल्पकला किंवा धातुकामातली बीएफए, म्हणजे कलेची पदवी. मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दोन्ही आहे. राज्यातल्या बीएफएसाठी बारावीनंतर राज्याची कला सीईटी असते, जे.जे.ची प्रवेशाची पद्धत त्यांच्याकडेच विचारून घ्या. सायन्सचं अडत नाही.

पूर्वी नाण्याच्या कितीतरी पट मोठा प्लास्टरचा नमुना करायचे. पँटोग्राफची सुई त्यावरून फिरायची आणि दुसऱ्या टोकाला पोलादात तेच लहान होऊन उतरायचं. आता बरंचसं काम संगणकावर आणि सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कोरण्याच्या यंत्रावर होतं. तरी मिलिमीटरभर उंचीत गाल, कान, केस वेगळे दिसायला हवेत, ही समज हातालाच येते. त्याला आत्ताच मातीत थाळीएवढा चेहरा कमी उठावात करायला लावा. मोठं जमलं की लहान जमतं. आणि प्रत्येक वडीवर तारीख घालून ठेवा, फसलेलीही. पुढे काम दाखवायला लागतं.

धागाकर्ती

दादा, खूप आभार. यांना वाचून दाखवलं. सीईटीचा अर्ज सुटला की भरतो. चकतीवर आता नंदी कोरणार आहे. आज संध्याकाळभर आरसा समोर ठेवून शिंगं कोणत्या बाजूला वळवायची तेच बघत बसला होता.