मागीलदारी कुंपण घालावं का? (सामायिक वसाहत, नऊ घरं)

भिरंडसोल

नमस्कार. प्रश्न लहानच आहे, पण घरात आणि वसाहतीत दोन्हीकडे विचारायची सोय नाही म्हणून इथे विचारते.

फोंडा तालुक्यात आम्ही ९ कुटुंबांनी मिळून जमीन घेतली आणि ९ बैठी घरं बांधली. कोणी नात्यातलं, कोणी कामावरचं. मधोमध एक मोठी खोली, तिच्यात सामायिक स्वयंपाकघर, शनिवारी रात्री सगळे एकत्र जेवतो. विहीर एक, पंप एक, गवत कापायचं यंत्र एक. घराघरांत कुंपण घालायचं नाही हे पहिल्याच बैठकीत ठरलं, आणि तेव्हा सगळ्यात मोठ्याने "नकोच" म्हणणारी मी होते. पणजीत फ्लॅटमध्ये २२ वर्षं काढली की भिंती नकोशा होतात.

आता तिसरं वर्ष. घरांपुढे गाड्या आणि रस्ता. मागे सामायिक बाग, आणि सगळ्यांच्या मागच्या दारांवरून जाणारी पायवाट. माझ्या रांधपाच्या (स्वयंपाकघराच्या) दारापासून ती वाट किती लांब ते परवा टेपने मोजलं. एक मीटर ऐंशी.

सकाळी सहाला मी गाऊनवर, केस सोडलेले, चहाचा पेला घेऊन मागच्या पायरीवर बसते. दिवसातली तेवढीच वीस मिनिटं माझी. सहा वाजून पाच मिनिटांनी तीन नंबरचे भाऊ फिरायला निघतात, "चहा झाला?" मग आठ नंबरची वहिनी फुलं काढायला, "आज लवकर उठलीस?" मग कुत्रा. मग कुत्र्याच्या मागून त्याचा मालक. सगळी भली माणसं, नाव ठेवायला जागा नाही. कोणाशी भांडण असतं तर सोपं गेलं असतं. मला माणसं नकोत असं नाही हो, त्या वेळेला उत्तरं द्यायला नकोत.

सध्या भिरंडांचे, म्हणजे कोकमांचे दिवस. सोलं रसात बुडवायची, वाळवायची, परत बुडवायची. काल मुलांचा चेंडू थेट चटईवर आला. मुलांना काय बोलणार, बाग सगळ्यांची. सासूबाई तर मागे बसायच्याच बंद झाल्यात. "रस्त्यात कसं बसायचं?" म्हणतात. आम्ही बाग म्हणतो, त्या रस्ता म्हणतात.

कुंपणाचे दोन प्रयोग झालेत. चार नंबरने बांधकामावर असते तसली हिरवी जाळी ताणली. कोणी तोंडावर बोललं नाही, पण दोन शनिवार त्यांच्या पानात वाढताना लोक गप्प होते. मिरगाच्या वाऱ्याने जाळी फाटून विहिरीच्या रहाटात अडकली, तेव्हा सगळे एकदम बोलले. सहा नंबरने चिऱ्यांचे तीन थर रचले. उतार त्यांच्याकडून आमच्याकडे, पण त्याच्याही वर दोन घरं आहेत. पहिल्या मोठ्या पावसात त्या दोघांच्या पायरीला पाणी लागलं आणि रात्री टॉर्च धरून चिरे फोडावे लागले. तेव्हापासून कुंपण म्हटलं की भांडण असंच समीकरण झालंय.

तर, वाईट न दिसता थोडी जागा स्वतःची कशी करायची? की मीच बदलले?

उंडोपाव

एकत्र राहायची हौस आणि वर कुंपणही पाहिजे. बंगला घ्यायचा होता ना.

डिचोलीचा जुना

उंडोपाव, तुम्ही मागीलदार असलेल्या घरात राहिलेला दिसत नाही.

ताई, तुम्ही बदलला नाहीत, घर उलटं बसलंय. आमच्या जुन्या घराचा क्रम बघा. रस्ता, मग कवाड, मग अंगण आणि तुळस, मग सोपा. पोस्टमनपासून कर्ज मागायला आलेल्यापर्यंत सगळे सोप्यावर. ओळखीचा असेल तर वसरीपर्यंत. रांधप सगळ्यात मागे, आणि त्याच्याही मागे मागीलदार: न्हाणी, धुणं, वाळवण, केळीचा गड्डा, बायकांच्या गप्पा. तिथे शेजारीण यायची, पण लांबून हाक देऊन यायची. तिकडे ख्रिश्चन शेजाऱ्यांकडे सोप्याचं काम बल्कांव करायचं. रस्त्याकडे तोंड करून बसायच्या जागा, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलणं तिथेच. मागे तेही कोणाला फिरू देत नसत.

म्हणजे गावात लोकांनी भेटायची जागा पुढे आणि आपली जागा मागे. तुमच्या नकाशात पुढे गाड्या उभ्या केल्या आणि माणसांना मागीलदारातून फिरवलं. नकाशा काढणाऱ्याने बाग छान काढली असेल, पण रांधपाचं दार कुठे उघडतं ते विचारलं नसणार.

आणि गडगा, म्हणजे दगडांचा बांध, गुडघाभरच असायचा, कोणीही ओलांडावा इतका. तरी कोणी ओलांडत नसे. भाजीच्या मळ्याला वंय म्हणजे कुंपण असायचं, ते काट्याकुट्याचं, पाऊस सरला की दरवर्षी नवं. ते गुरांसाठी. माणसांसाठी गडगा पुरायचा.

पाटो-मिरामार

मुलाकडे कॅलिफोर्नियात डेव्हिसला राहिले होते, तिथे एन स्ट्रीटवर अशीच वसाहत आहे. त्यांची सुरुवात तुमच्या उलट, कुंपण काढण्यापासून. १९८६ मध्ये शेजारच्या दोन जुन्या घरांनी मधलं लाकडी कुंपण काढलं, मग पुढची घरं एकेक करून जोडली गेली. परसं मिळून एक बाग झाली.

मूळ कल्पना डेन्मार्कची. तिथली सेटेडामेन ही वसाहत १९७२ ची. अशा ठिकाणी बहुतेक वेळा स्वयंपाकघराची खिडकी सामायिक वाटेकडे असते आणि घराचा खाजगी भाग तिच्या विरुद्ध बाजूला. भांडी घासता घासता बाहेर कोण चाललंय ते दिसतं, मनात असेल तर हाक मारायची. मागे छोटी बाग ज्याची त्याची. डिचोलीच्या जुन्यांनी सांगितलं तेच, फक्त रांधप पुढे आणलेलं.

शेवटची कदंब

आमच्या सोसायटीचा सहा वर्षं सचिव होतो, त्यामुळे रुक्ष बोलतो.

आधी विक्रीखत काढा. प्रत्येक घराचा भूखंड वेगळा आहे की सगळी जमीन ९ जणांची अविभाजित? अविभाजित असेल तर तुमच्या पायरीमागची मातीही सगळ्यांची, आणि विचारल्याशिवाय घातलेलं कुंपण म्हणजे अतिक्रमण, मग ते जाळीचं असो की चिऱ्याचं. २०१६ च्या रेरा कायद्यातही बागा आणि खेळायच्या जागा सामायिक क्षेत्रातच मोजल्यात.

पण मालकी सामायिक ठेवून वापर वेगळा करता येतो. ठराव असा करा की मागच्या भिंतीपासून इतके मीटर त्या त्या घराच्या वापरापुरते, मालकी सगळ्यांची, पक्कं बांधकाम नाही, पाण्याची वाट अडवायची नाही. ९ सह्या घ्या. उद्या एखादं घर विकलं गेलं तर नव्या माणसाला दाखवायला कागद लागतो. पक्की भिंत घालायची म्हटली तर पंचायतीचा परवानाही लागेल.

सहा नंबरच्या चिऱ्यांचं काय झालं? तळाला पाणी जायला भोकं ठेवली असती तर ती रात्र टळली असती.

भिरंडसोल (अडीच आठवड्यांनी)

सगळ्यांची आभारी आहे. उंडोपाव, तुमचीही. तेच वाक्य आमच्याकडे एकाने जसंच्या तसं टाकलं, पण माझी तयारी झाली होती.

कुंपण हा शब्दच काढला नाही. टेप घेऊन नऊही घरांची मागची दारं मोजली आणि आकडे शनिवारच्या जेवणाच्या टेबलावर ठेवले. दोन घरांना तर दीड मीटरही नव्हता. चार नंबरच्या वहिनी म्हणाल्या, "म्हणून जाळी लावली होती," आणि त्यावर कोणाला बोलायला काही राहिलं नाही.

ठरलं ते असं: पायवाट फणसाच्या पलीकडून न्यायची. प्रत्येक घरामागचे ४ मीटर त्या घराच्या वापरासाठी, आणि कागद शेवटची कदंब यांनी सांगितला तसा. सीमेला गुडघाभर झाडं, त्याहून उंच नाही. विक्रीखत काढलं, जमीन अविभाजितच निघाली. चिऱ्यांचे उरलेले दोन थर सहा नंबरने आपणहून काढले, त्यांची आता नव्या वाटेला पायरी झालीय.

तीन नंबरचे भाऊ रुसले. "म्हणजे मी काही विचारायचंच नाही?" म्हटलं, साडेसहाला पुढच्या दारी या, गाड्यांच्या बाजूला दोन खुर्च्या टाकल्यात, चहा तिथे. दोनदा येऊन गेले. आणलेला पेपर मात्र वाचत नाहीत, बोलतच बसतात.

झाडं धरेपर्यंत खूण म्हणून चुन्याची रेघ मारली होती, ती पहिल्याच सरीत गेली. आता खुंट्या ठोकून काथ्याची दोरी बांधलीय. कुत्र्याला ती कळत नाही, पण सासूबाई परवापासून मागे बसायला लागल्या.

जास्वंदीच्या फांद्या आठ नंबरची वहिनी देणार आहे. पण वसाहतीत गुरं शिरतात आणि जास्वंद ती सोडत नाहीत. अडुळशाला गुरं तोंड लावत नाहीत, मग बाहेरच्या अंगाला अडुळसा आणि आत जास्वंद असं लावलं तर चालेल का? पाऊस लागलाय तोवर लावायचंय.