मदत हवी आहे: लोअर आर्म कंपनीचाच घ्यावा की बाजारातला चालेल?

नमस्कार मंडळी,

गाडी स्विफ्ट पेट्रोल, 2014 ची, 96 हजार किलोमीटर झालेत. राहणार चिपळूण. बायकोचं माहेर कराड, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी कुंभार्ली घाट होतो. पावसाळ्यात त्या रस्त्याचं काय होतं ते इकडच्यांना सांगायला नको.

गेले तीन आठवडे खड्ड्यात गेलं की पुढून डावीकडे ‘कट्’ आवाज येतोय. मेकॅनिकने जॅक लावून चाक हलवून दाखवलं. डाव्या लोअर आर्मचा (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारा खालचा दांडा) बुश म्हणजे रबरी तुकडा फाटलाय, चाकाकडच्या बॉल जॉइंटमध्येही प्ले म्हणजे ढिलेपणा आहे, दोन्ही लिंक रॉड (वळणावर गाडी झुकू न देणाऱ्या दांड्याच्या जोडकाड्या) गेलेत आणि डावा शॉकअप (धक्के शोषणारा) तेल सोडतोय.

सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट 19,400, दोन्ही बाजूंचं सगळं बदलायचं धरून. मेकॅनिक म्हणतो, बाजारातला माल घाला, 7,800 मध्ये करून देतो. मी लगेच हो म्हटलं असतं, पण हाच डावा आर्म गेल्या वर्षी गणपतीच्या आधी बदललाय. बाजारातलाच, 750 रुपयांचा. वर्षभरही टिकला नाही. म्हणजे मजुरी आणि अलाइनमेंट दुसऱ्यांदा.

गाडी अजून तीनेक वर्षं वापरायची आहे. पैसे कुठे घालावेत आणि कुठे वाचवावेत? आणि एक नाजूक प्रश्न: पार्ट मी आणून दिले तर मेकॅनिकचा कट जातो. बारा वर्षांची ओळख आहे, मन मोडवत नाही.

जुना_फिटर: सगळं एकाच तागडीत घालू नका. लिंक रॉड गेला तर खडखड वाढेल, वळणावर गाडी जरा जास्त झुकेल, पण घरी पोचाल. बॉल जॉइंट निसटला तर चाक जागच्या जागी आडवं होतं. घाटात ते नको. म्हणून आर्म कंपनीचाच घ्या. लिंक रॉड बाजारातले घाला, फक्त बिननावाचे नकोत. शॉकअप तर मारुती स्वतः बनवतच नाही. गेब्रिएलसारख्या कंपन्या गाडीवाल्यांनाही माल देतात आणि स्वतःच्या खोक्यातही विकतात. तो बिनधास्त घ्या, मात्र जोडीने बदला. एक नवा, एक थकलेला असं ठेवलं तर ब्रेक मारताना गाडी विचित्र वागते.

एक विचारतो. गेल्या वर्षी आर्म बसवला तेव्हा बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असतानाच आवळले होते का?

धागाकर्ता: आत्ताच फोन करून विचारलं. जॅकवरच. म्हणाला, “सगळे तसंच करतात.”

जुना_फिटर: मग 750 च्या आर्मला एकट्याला फाशी देऊ नका. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला की बुशचं रबर त्याच अवस्थेत पकडलं जातं. गाडी खाली आली की ते पिळलेलंच राहतं, वर खड्ड्यांचा मार. कंपनीचा आर्मसुद्धा असा बसवला तर लवकर फाटेल. बोल्ट आधी हलके लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची आणि गाडीखालच्या पिटमध्ये (खड्ड्यात) उतरून शेवटचं आवळायचं. पाच मिनिटांचं काम, पण कंटाळा.

नाना_पेठ_वारी: पार्ट कंपनीच्या अधिकृत स्पेअर काउंटरवरून घ्या, पक्कं बिल मागा. त्यासाठी पुण्याला यायची गरज नाही. खोकं जुनं असेल तर छापील किमतीवर जाऊ नका. 22 सप्टेंबर 2025 पासून सगळ्या सुट्या भागांवर 18 टक्के जीएसटी आहे, आधी बऱ्याच भागांवर 28 होता. फरक काउंटरवाला आपणहून सांगेलच असं नाही. आणि भंगारातला ‘ओरिजिनल’ आर्म कितीही स्वस्त मिळाला तरी नको. 2021 च्या पुरात बुडालेल्या गाड्या शेवटी कुठे गेल्या, हे चिपळूणकरांना मी काय सांगणार!

धागाकर्ता: आणि उजवा आर्म? तोही बदलायचा?

जुना_फिटर: त्यात प्ले नसेल तर हात लावू नका. जोडीचा नियम शॉकअपला.

धागाकर्ता (दहा दिवसांनी): काम झालं. डावा आर्म कंपनीचा 1,900, शॉकअपची जोडी 4,600, शॉकअपचे माउंट (वरच्या बैठका) 1,100, लिंक रॉड 900, अलाइनमेंट 600. मेकॅनिकला आधीच सांगितलं, पार्ट मी आणतो, मजुरी 2,000 ऐवजी 2,500 घे, पण बोल्ट पिटमध्ये उतरून आवळायचे आणि मी बघणार. जरा फुगला, मग हसला. एकूण 11,600.

परवा कराडला जाऊन आलो, पुढचा आवाज बंद. मागून नवाच खडखडाट येत होता, पोटात गोळा आला. डिकीत पाना सुटा पडला होता.