अर्धी कुपी पिवळ्या पिशवीत, बिल मात्र अख्खं

खानापूरकर: काल इथं एका औषधवाल्यानं लिहिलं, "एकदाच वापरायची कुपी फोडली की उरलेलं फेकावंच लागतं, पैसे पूर्णच पडणार, दवाखान्यांना शिव्या घालू नका." वाचून डोकं भणभणलं. माझ्या आईला मायलोमा, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. पाच फूटही उंची नाही, वजन ४८ किलो. त्यावरच्या बोर्टेझोमिब इंजेक्शनचा डोस बसला १.८ मिलिग्रॅम, फोडली ३.५ ची कुपी. सिस्टरनी पोटावर टोचायला पाऊण मिलीसुद्धा ओढलं नाही, बाकी कुपीसकट पिवळ्या पिशवीत. एका सायकलला, म्हणजे उपचाराच्या एका फेरीला, अशी चार. बाजारात २ मिलिग्रॅमची कुपी मिळते, हे तिसऱ्या सायकलनंतर मिरजेच्या डॉक्टरांकडून कळलं. मग फेकावं लागतं की फेकायला लावतात?

औषधवाला: तो मीच. दोनची कुपी दर वेळी स्टॉकला नसते. औषधात प्रिझर्व्हेटिव्ह नाही, पावडर सलाइनमध्ये मिसळल्यापासून आठ तास, मग संपलं. उरलेलं दुसऱ्याला टोचू? काही झालं की फटके आम्हालाच.

शहापूरचा: आठ तासांत दुसरा पेशंट येतोच की! मामांच्या शेजारच्या खाटेवर तेच औषध, त्याच सकाळी. दोघांच्या बिलात एकेक अख्खी कुपी. फोडल्या किती, कुणी बघितलं?

निवृत्त सिस्टर: बघितलं नाही ना, मग चोर ठरवू नका. एका कुपीतून दोघांना काढायचं तर लॅमिनार फ्लोचं, म्हणजे गाळलेल्या निर्जंतुक हवेचं कपाट लागतं, वॉर्डातल्या ट्रॉलीवर जमत नाही. खरं एक सांगते, किती टोचलं आणि किती टाकलं हे बिलात लिहायला कुणाचा हात मोडत नाही.

पुण्याहून: अमेरिकेत मेडिकेअरच्या, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या बिलात २०१७ पासून टाकलेल्या भागाची वेगळी नोंद सक्तीची आहे. २०२३ पासून तर साधारण १० टक्क्यांवर वाया गेलं की कंपनीकडून परतावा घेतात.

टिळकवाडीकर: अमेरिका राहू दे. इथं बेळगावात आमच्याकडून सही घेतली तो कागद कन्नडमध्ये होता, काय लिहिलंय देव जाणे. सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना द्यायचं महाराष्ट्रानं २०२३ मध्ये ठरवलं, तर कर्नाटकानं हरकत घेतली. मूळ दुखणं हे आहे.

निपाणीकर: आला सीमाप्रश्न! कुपीचा हिशेब तर इंग्रजीत असतो हो. जन्म इथं गेला, चार अक्षरं कन्नड शिकला असता तर सही डोळे उघडे ठेवून केली असती.

टिळकवाडीकर: तुमच्यासारखे घरभेदी आहेत म्हणूनच सत्तर वर्षं रखडलंय.

निपाणीकर: घरभेदी कुणाला म्हणतोस रे? माझा बाप सत्याग्रहात आत गेला होता. आणि बायकोची केमो मी हुबळीला केली, तिथं डॉक्टरशी कन्नडमध्येच भांडलो. पाच हजार कमी झाले. मराठी बाणा दाखवून तुझे किती कमी झाले, सांग.

टिळकवाडीकर: भांडून कमी झाले म्हणजे आधी जास्तच लावले होते ना?

निपाणीकर: ... हे मात्र बरोबर बोललास.

निवृत्त सिस्टर: अरे, त्यांच्या आईचं विचारलंय का कुणी?

खानापूरकर: विचारलंत, बरं वाटलं. आठ तासांचं मला पटलं, दुसऱ्याचं उरलेलं माझ्या आईलाही नकोच. पण चौथ्या सायकलच्या आधी मी चिठ्ठीवर दोनची कुपी लिहून मागितली. दोन दिवसांत आली. स्टॉकला नसते म्हणे!

औषधवाला: आली ना? मग आमच्यासारख्याच कुणीतरी मागवून दिली असेल. आभार लिहायचे राहिले वाटतं.