मदत हवी आहे : मणक्याचं तिसरं ऑपरेशन झालंय, मन काही थाऱ्यावर नाही

नमस्कार मंडळी,

वय ४६, कोल्हापूर, बँकेत नोकरी. कमरेतल्या एल-४ एल-५ या दोन मणक्यांमधली गादी सरकून डाव्या पायाची नस दाबली गेली, म्हणून २०२१ मध्ये पहिलं ऑपरेशन झालं. पाय मोकळा झाला, कामावर रुजू झाले. २०२३ मध्ये त्याच जागी गादी परत बाहेर आली, पुन्हा ऑपरेशन. यंदा जूनमध्ये फ्यूजन, म्हणजे स्क्रू आणि रॉड बसले. एक्सरे चांगला आहे. हाड जुळायला सहा महिने ते वर्ष जातं, वाट बघा, असं डॉक्टर म्हणतात. औषधपाण्याची माझी तक्रार नाही. (कृपया नस बसवून देणाऱ्यांचे पत्ते देऊ नका, तीन पाहुण्यांनी आधीच दिलेत.)

त्रास वेगळाच आहे. चांगला दिवस उगवला की मला जास्त भीती वाटते. याआधी दोनदा "आता मी बरी झाले" म्हणून पेढे वाटून झालेत, त्यामुळे आता बरं वाटलं तरी ते खरं वाटत नाही. शिंक येणार असं वाटलं की आधी भिंत धरते. पोटरीत जराशा मुंग्या आल्या की पोटात गोळा येतो, झालं, परत सुरू!

घरात कुणी वाईट नाही, हीच पंचाईत. नवरा सकाळी डबे करतो, मला पट्टा बांधून देतो आणि मग ऑफिसला जातो. संध्याकाळी चपला काढता काढता "आज कसंय?" विचारतो. त्याला "बरंय" ऐकायचं असतं, मी तेच सांगते. खरं बोलले तर त्याचं तोंड उतरतं, मग त्याची समजूत मीच काढायची. पहिल्या वेळी माणसांची रीघ होती, आता फोनही येत नाहीत. लोक तरी किती वेळा येणार? गौरींना साड्या जाऊबाईंनी नेसवल्या. मी खुर्चीतून पदर सांगत होते, तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "तू आराम कर गं, आम्ही बघतो." मायेनेच म्हणाली, पण आत जाऊन पडले ती उठलेच नाही.

परवा गोळ्यांचं पाकीट पलंगाखाली गेलं. वाकायची बंदी, वस्तू उचलायचा चिमटा बाहेरच्या खोलीत, लेक क्लासला. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताच्या रेट्याने उठा, एवढं सगळं करून चिमटा आणायचं बळच आलं नाही. रडत पडून राहिले. दुखत होतं म्हणून नव्हे.

ज्यांची एकाहून जास्त ऑपरेशनं झालीत त्यांना विचारायचंय, ही सततची धास्ती कशी सांभाळलीत? आणि घरच्यांना खरं कसं सांगायचं?

– ओसरी

खडीसाखर :
ताई, माझी दोन झालीत. बरेच दिवस दबलेली नस शांत व्हायला महिने घेते, प्रत्येक चमक म्हणजे नवी इजा नाही, हे फिजिओथेरपिस्टने समजावलं तेव्हा जरा धीर आला. मग डॉक्टरांकडून एक यादीच करून घेतली. लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागी बधिरपणा आला, पाऊल लुळं पडलं, ताप येऊन जखम वाहू लागली, तर थांबायचं नाही, तडक हॉस्पिटल. बाकीचं वहीत लिहायचं आणि पुढच्या तपासणीला दाखवायचं. भीती गेली नाही, पण रात्री दोन वाजता काय करायचं ते ठरलेलं असतं. घरात आम्ही आकडा सांगतो, शून्य ते दहा. "आज सात" म्हटलं की यजमान पुढे काही विचारत नाहीत, चहा ठेवतात.

आडवाटेचा :
सकारात्मक विचार करा, सगळं ठीक होईल. आमच्या शेजारचे काका तीन महिन्यांत गड चढले.

मोरपंखी :
आडवाटेचा, काकांना नमस्कार सांगा, पण इथे नको.
ओसरी, नसेच्या दुखण्यासाठी प्रीगाबालिन चालू आहे का? त्याने सुस्ती येते, काहींचं मनही खाली जातं. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, मात्र गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नका. मनोविकारतज्ज्ञांकडे गेलं म्हणजे दुखणं खोटं ठरत नाही. ड्युलोक्सेटिनसारखं औषध उदासीवर आणि काही प्रकारच्या जुनाट दुखण्यावरही देतात. तुम्हाला चालेल का ते तेच सांगतील. कोल्हापुरात लगेच वेळ मिळाली नाही तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतं, मराठीत बोलता येतं. जगणं नको वाटायला लागलं तर त्याच क्षणी करा, आणि घरात एकाला तरी सांगा.

ओसरी :
प्रीगाबालिन चालू आहे, रात्रीची. मन खाली जायचा संबंध कुणी सांगितलाच नव्हता, गुरुवारच्या तपासणीत विचारते. तसले विचार नाहीत, पण नंबर फोनमध्ये घालून ठेवला. आकड्याचं काल करून बघितलं. "सहा" म्हटलं, तर नवरा म्हणाला, "काल किती होता?" खडीसाखर, तुमच्याकडे पण आधी असाच हिशेब चालायचा का? आणि वहीत नुसतं दुखणं लिहिता, की रडू आलं तेही?