‘डिसइन्फर्मेशन’ला अफवा म्हणावं का?

प्रश्न : समाजमाध्यमांवरच्या ‘डिसइन्फर्मेशन’ला, म्हणजे मुद्दाम पसरवलेल्या खोट्या माहितीला, कुणी अफवा, कुणी अपप्रचार, कुणी चुकीची माहिती लिहितं. नेमकं काय लिहावं?

– ‘चुकीची माहिती’ बादच करा, तिच्यात हेतू नाही. अफवाही आपोआप पसरते. कंडी मात्र कुणीतरी पिकवतो, आवई कुणीतरी उठवतो. समुद्रावर तेल पेटवून जर्मन फौज जाळायची सोय केली आहे, ही दुसऱ्या महायुद्धातली, १९४० सालची ब्रिटिशांची आवई. तिथल्या प्रचारखात्यात अशा आवयांना ‘सिब’ म्हणत. समितीने मंजूर केलेली सिब लिस्बन, स्टॉकहोमसारख्या तटस्थ शहरांत तोंडी सोडायची आणि ती कुठल्या वृत्तपत्रात उगवते यावर डोळा ठेवायचा.

– कंडी हा शब्द मजकुरापुरता झाला. मजकूर दुसऱ्याच्या नावावर खपवणं ही तोतयेगिरी; पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला, तोच शब्द. नोव्हेंबर १९४३ मध्ये सुरू झालेलं ‘सोल्डाटेनझेंडर कॅले’ हे ब्रिटिशांचं रेडिओ केंद्र जर्मन सैनिकांचं केंद्र म्हणून मिरवायचं, पण कार्यक्रम व्हायचे इंग्लंडात, मिल्टन ब्रायनला. प्रमुख सेफ्टन डेल्मर. नाचगाणी, खेळांचे निकाल आणि जर्मन वृत्तसंस्थेच्याच खऱ्या बातम्या. खोटं त्यात चिमूटभर. चिमटीची मूठ झाली की श्रोता सावध होतो.

पुढची पायरी मार्च १९४५ ची. शत्रूच्या विमानांना रेडिओलहरींवरून दिशा मिळू नये म्हणून हवाई हल्ल्याच्या वेळी जर्मन केंद्रं बंद होत. केंद्र थांबलं रे थांबलं की ‘अ‍ॅस्पिडिस्ट्रा’ हा इंग्लंडातल्या क्रोबरोचा प्रचंड प्रक्षेपक त्याच लहरीवर, निवेदकाच्या थाटात, नागरिकांना खोटे आदेश द्यायचा.

– हुबेहूब आजचंच. २०२२ साली उघड झालेल्या ‘डॉपेलगेंगर’ या रशियन मोहिमेत ‘श्पीगेल’, ‘बिल्ड’, ‘गार्डियन’ या वृत्तमाध्यमांच्या संकेतस्थळांची तोतया पानं होती. मांडणी तीच, फक्त संकेतस्थळाच्या पत्त्याचं शेपूट (‘.com’सारखं) वेगळं. पानावरचे बाकीचे दुवे खऱ्या संकेतस्थळावर नेत, त्यामुळे दोन दुवे दाबून पाहणारा चाणाक्ष वाचकच आधी फसे. पत्ता शेवटाकडून वाचावा तो यासाठी.

– ‘अपप्रचार’ मोघम वाटतो, त्यात खऱ्या गोष्टीची बदनामीही येते. जुना खरा व्हिडिओ आजचा म्हणून फिरवला तर सरळ ‘दिशाभूल’ लिहावं.

प्रश्न : आणि तीच कंडी घरच्या काकांनी भाबडेपणाने पुढे ढकलली तर?

– ती अफवाच. पिकवणाऱ्याकडे कंडी, काकांकडे अफवा. मजकूर एकच असला तरी बातमीत दोन्ही शब्द लागतील.