मदत हवी आहे: पहाटेच्या थंडीत मोटरसायकल चालवताना बोटे पांढरी पडून बधिर होतात

नमस्कार मंडळी,

मी निफाड तालुक्यात राहतो आणि नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात ओतीव भाग ग्राइंडरने घासण्याचे काम करतो. पहिली पाळी सातला सुरू होते, त्यामुळे साडेपाचच्या आत घर सोडून चांदोरी, ओढा, शिलापूर, माडसांगवी या मार्गाने सुमारे ४५ किलोमीटर जावे लागते. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, म्हणजे सगळा रस्ता अंधारातच कापायचा. आमच्याकडच्या थंडीविषयी निराळे सांगायला नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच-सहा अंशांवर उतरला की द्राक्षबागायतदार मणी तडकू नयेत म्हणून बागांत शेकोट्या पेटवतात आणि तो धूर गोदाकाठच्या धुक्यात मिसळून रस्त्यावर येतो.

गाडी १०० सीसीची, २०१६ सालची, कार्ब्युरेटरची आहे. चोक ओढून दोन-तीन किका मारल्या की ती सुरू होते. तिच्याविषयी तक्रार नाही. तक्रार माझ्या हातांची आहे. चांदोरी मागे पडेपर्यंत बोटांना मुंग्या येऊ लागतात आणि ओढा गावाच्या आसपास डाव्या हाताची दोन बोटे इतकी बधिर होतात की क्लच दाबला गेला की नाही, हे गाडीच्या आवाजावरून ओळखावे लागते. मागच्या आठवड्यात मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली धुक्यातून अचानक पुढे आली आणि ब्रेक लागायला क्षणभर उशीर झाला. काही घडले नाही, पण त्या दिवसापासून हा केवळ सोसण्याचा प्रश्न राहिलेला नाही.

आतापर्यंत केलेले उपाय असे: लोकरी हातमोजे, त्यावर कातडी हातमोजे, वाटेत दोनदा थांबून इंजिनाजवळ हात शेकणे आणि वेग कमी ठेवणे. हातमोज्यांच्या दोन जोड्या घातल्या की मूठ नीट वळत नाही आणि बोटे उलट लवकर गारठतात, हे मला उमगलेले नाही. वेग ५० वरून ३० वर आणला तरी फारसा फरक पडला नाही, फक्त पाळीला उशीर झाला. आणखी एक गोष्ट म्हणजे हातमोजे काढल्यावर ती दोन बोटे मेणबत्तीसारखी पांढरी दिसतात आणि ऊब मिळाल्यावर लालबुंद होऊन ठणकतात. बरोबरीच्या सहकाऱ्यांना थंडी वाजते, पण त्यांची बोटे अशी होत नाहीत.

हेल्मेटच्या काचेवर आतून वाफ धरते, त्यावरही उपाय सुचवलात तर बरे होईल. बस त्या वेळेला सोयीची नाही आणि पाळी बदलून मिळण्याची शक्यता नाही, हे कृपया गृहीत धरावे.

प्रतिसाद १

मी बरीच वर्षे पहाटे दूध घालायला जात असे, त्यावरून सांगतो. लोकर ऊब धरते, पण वारा अडवत नाही; म्हणून तुमचा पावसाळी रेनकोट जाकिटावरून चढवा आणि जाकिटाच्या आत छातीवर वर्तमानपत्राची चार-पाच पाने पसरून ठेवा. दिसायला विचित्र दिसते, पण अंधारात पाहायला कोण येते? काचेसाठी नाकावरून रुमाल असा बांधा की श्वास खाली जाईल, आणि काच बोटभर उघडी ठेवा.

प्रतिसाद २

वेग कमी करूनही फरक का पडला नाही, ते आधी सांगतो. वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या तापमानाचे जे सूत्र अमेरिका आणि कॅनडा २००१ पासून वापरतात, त्यानुसार ६ अंश तापमानात ताशी ५० किलोमीटरचा वारा उघड्या त्वचेला साधारण शून्य अंशासारखा जाणवतो आणि ३० चा वारा एक-दीड अंशासारखा. म्हणजे वेग जवळजवळ निम्मा करून हाती लागतो तो एखादा अंश, आणि वारा लागण्याचा वेळ मात्र वाढतो. धुक्यात सावकाश जायलाच हवे, पण थंडीवरचा उपाय वारा अडवण्यात आहे. हँडलवर बसणारी जाड आवरणे मिळतात. ती मूठ, लिव्हर आणि हात हे सगळे झाकतात. मात्र हात चटकन आत-बाहेर करता येतो का, हे उभ्या गाडीवर तपासून घ्या.

एकावर एक हातमोजे घट्ट बसले की ऊब धरून ठेवणारी हवेची पोकळी राहत नाही आणि रक्तपुरवठाही आवळला जातो, म्हणून एकच, थोडा सैल, वारा न शिरणारा जोड घ्यावा. शरीराचा गाभा गारठू लागला की हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात. वरच्या प्रतिसादातले वर्तमानपत्र छातीवर असूनही बोटांना उपयोगी पडते, ते यामुळेच. इंजिनाजवळ हात शेकणे मात्र कृपया थांबवा, कारण बधिर बोटांना चटका बसल्याचे उशिरा कळते.

आता मुख्य गोष्ट. ठरावीक बोटे पांढरी पडणे आणि ऊब मिळताच लाल होऊन ठणकणे, हे तुमचे वर्णन रेनॉच्या विकाराशी जुळते; त्यात गारठ्याने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या प्रमाणाबाहेर आकसतात. तुम्ही ग्राइंडर चालवता, हे तुमच्या प्रश्नात ओघात येऊन गेले आहे, पण मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. हाताला वर्षानुवर्षे कंप देणारी यंत्रे चालवणाऱ्यांना असाच त्रास होतो आणि तो बहुधा थंडीत प्रथम लक्षात येतो. तंबाखूने रक्तवाहिन्या आणखी आकसतात, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही बोटे गार पडू शकतात. निदान मी करू शकत नाही. ते डॉक्टरांनीच करायचे. त्यांना थंडीबरोबर ग्राइंडरविषयीही सांगा. आणि एक विचारतो: मोटरसायकलवर नसताना, उदाहरणार्थ गार पाण्यात हात घातल्यावर, बोटे अशीच होतात का?

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. रेनकोट आणि वर्तमानपत्र यांचा चार दिवस प्रयोग केला. अंगातली हुडहुडी पुष्कळ कमी झाली आणि रुमालामुळे काचेवरची वाफही आटोक्यात आली. हँडलची आवरणे बसवली आहेत. एका हाताने इंडिकेटरचे बटण चाचपडावे लागते, पण त्याची सवय होईल.

आपल्या प्रश्नाचे उत्तर मात्र होय असे आहे. रविवारी गाडीला हातही लावला नव्हता. सकाळी हौदातल्या पाण्याने तोंड धुतले आणि तीच दोन बोटे पांढरी पडली. घरच्यांना विचारले, तर मागच्या हिवाळ्यातही असे होत होते, असे पत्नीने सांगितले. माझ्या ते ध्यानातही नव्हते. ग्राइंडरवर मला नऊ वर्षे झाली आहेत आणि तंबाखूही आहे, हे येथे प्रांजळपणे लिहितो. शुक्रवारी सुट्टी टाकून नाशिकला डॉक्टरांकडे जात आहे, आणि पांढरी पडलेल्या बोटांचे छायाचित्र मोबाइलमध्ये काढून ठेवले आहे. डॉक्टरांनी काय सांगितले, ते याच धाग्यावर लिहीन. तोपर्यंत कंप कमी पोहोचवणारे हातमोजे ग्राइंडरच्या कामात खरोखर उपयोगी पडतात का, याचा कुणाला प्रत्यक्ष अनुभव असल्यास कृपया कळवावे.