मदत हवी आहे: पोस्टग्रेसमधून ओरॅकलचं टेबल सापडत नाही, कॅपिटल-स्मॉलचा घोळ?

ओरॅकल_एफडीडब्ल्यू (पोस्टग्रेसमधून ओरॅकल डेटाबेसमधला डेटा वाचू देणारं एक्स्टेन्शन) वापरून ओरॅकलमधलं ऑर्डर्स टेबल पोस्टग्रेसमध्ये जोडलंय. क्रिएट फॉरिन टेबल (बाहेरच्या टेबलाची पोस्टग्रेसमधली नोंद) बिनबोभाट झालं, पण पहिल्याच सिलेक्टला ओआरए-००९४२ ('टेबल किंवा व्ह्यू अस्तित्वात नाही') हा एरर येतो. त्याच यूझरने ओरॅकलमध्ये थेट क्वेरी चालते, म्हणजे परवानगी आहे. फॉरिन टेबलच्या ऑप्शन्समध्ये स्कीमा (टेबलांचा गट) आणि टेबल दोन्ही नावं स्मॉलमध्ये आहेत. आता सगळीकडे डबल कोट लावायचे का?

प्रतिसाद १
नाही, कोट लावत सुटू नका. चूक ऑप्शन्समध्येच आहे. कोट न लावलेलं नाव ओरॅकल कॅपिटल करून साठवतो, पोस्टग्रेस स्मॉल करून. पण ऑप्शन्समधलं सिंगल कोटातलं नाव ही नुसती स्ट्रिंग. तिला कोणी हात लावत नाही, ती जशीच्या तशी ओरॅकलकडे जाते. टेबल बनवताना पलीकडे तपासणी होत नाही, म्हणून एरर थेट सिलेक्टला दिसतो.

टेबल पाडायची गरज नाही. आल्टर फॉरिन टेबल करून ऑप्शन्समध्ये 'सेट' लिहून स्कीमा आणि टेबल दोन्ही कॅपिटलमध्ये द्या. कॉलमच्या नावांची चिंता नको, ते क्रमाने जुळतात. क्रम मात्र ओरॅकलमधलाच ठेवा. तो चुकला तर भलत्याच कॉलमचा डेटा येईल.

प्रतिसाद २
टेबलं बरीच असतील तर इम्पोर्ट फॉरिन स्कीमा वापरा, म्हणजे स्कीमातली टेबलं एकदम जोडली जातात. इथे मात्र स्कीमाचं नाव कॅपिटलमध्ये आणि डबल कोटातच हवं, नाहीतर पोस्टग्रेस ते आधीच स्मॉल करतो. 'लिमिट टू'मधली (फक्त निवडक टेबलं आणायची यादी) नावं याच्या उलट: पोस्टग्रेसमध्ये शेवटी जशी दिसणार तशी. नावांची कॅपिटल-स्मॉल अक्षरं ठरवणाऱ्या 'केस' ऑप्शनचं डीफॉल्ट 'स्मार्ट' असतं, ते पूर्ण कॅपिटल नावंच स्मॉल करतं. मिश्र अक्षरांचं नाव तसंच राहतं आणि मग प्रत्येक क्वेरीत कोट लागतात. अशी नावं असतील तर 'लोअर' द्या.

प्रश्नकर्ता
दोन्ही ऑप्शन्स सेट केले, क्वेरी चालली. धन्यवाद! आता उलट, ओरॅकलमधून डेटाबेस लिंकने (दुसऱ्या डेटाबेसशी ओरॅकलची जोडणी) पोस्टग्रेसचं टेबल वाचायचंय. तिथेही हेच?

प्रतिसाद १
तिथे कोट टळत नाहीत. ओरॅकल नाव कॅपिटल करून पाठवतो आणि पोस्टग्रेसला ते सापडत नाही. टेबल आणि प्रत्येक कॉलम स्मॉलमध्ये, डबल कोटात लिहा. टेबलाच्या नावापुढचं अॅट (@) चिन्ह आणि लिंकचं नाव कोटाबाहेर. हे एकदाच, ओरॅकलमधल्या एका व्ह्यूत (साठवलेल्या क्वेरीत) करा आणि कॉलमना साधी एलियस (पर्यायी नावं) द्या. बाकीचा कोड त्या व्ह्यूवरच चालू द्या.